गोव्याचं कार्ड कोण काढणार?

गोव्यातल्या चित्रकारांना, छायाचित्रकारांना आणि छापखानेवाल्यांना,

स. न. वि. वि.

माझं फोंड्यात स्टेशनरीचं दुकान आहे. वह्या, पेनं, झेरॉक्स, शाळा सुरू व्हायच्या दिवसांत पुस्तकांना घालायचे खाकी कागद. बाबांनी थाटलेलं, आता मी चालवते. दुपारी जेवणवेळेला बाजार मिटतो तेव्हा शटर अर्धं ओढून मी पोस्टकार्डं लिहिते. फिनलंड, तैवान, पोलंड, ब्राझील, जिथला पत्ता हाती येईल तिथं. ज्यांना लिहिते त्यांना मी ओळखत नाही आणि तेही मला ओळखत नाहीत. नऊ वर्षं झाली. ह्या नऊ वर्षांत कधी तिकीट कमी पडलं नाही, लिहायला विषय कमी पडला नाही. कमी पडतं ते कार्डच. मी राहते त्या गोव्याचं कार्ड मला बाजारात मिळत नाही. ते बनवणं माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

पहिलं कार्ड मी फिनलंडमधल्या एका आजींना पाठवलं. त्यांनी स्वतःबद्दल लिहिताना म्हटलं होतं, ‘प्रसिद्ध ठिकाणं नकोत. तुम्ही राहता तिथलं काहीही पाठवा.’ मी पणजीला गेले, चार दुकानं पालथी घातली आणि मावळता सूर्य, दोन माड नि समुद्र असं कार्ड घेऊन आले. मागं चार ओळी लिहून टाकलं. पाचेक आठवड्यांनी त्यांचा निरोप आला. कार्ड फार आवडलं, स्वयंपाकघरात लावलंय, आणि शेवटी एक प्रश्न : ‘तुझ्या खिडकीतून हा समुद्र दिसतो का?’

माझ्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. तो आमच्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. खिडकीतून दिसतं ते शेजारच्यांचं कुळागर. उंच पोफळी, त्यांच्या अंगावर चढलेल्या मिरवेली, खाली केळी नि अननस, मधून पाटाचं पाणी वाहतंय आणि भर दुपारीसुद्धा तिथं संध्याकाळ असल्यासारखं वाटतं. आजींना तेच बघायचं होतं. मी त्यांना दुसऱ्याच कुणाच्या खिडकीतलं दृश्य पाठवलं होतं. खोटं काही लिहिलं नव्हतं, तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं. ती टोचणी अजून गेलेली नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांना पोस्टकार्ड म्हटलं की ५० पैशांचं सरकारी कार्डच आठवेल, म्हणून हा व्यवहार कसा चालतो ते थोडक्यात सांगते. पोर्तुगालमधल्या पावलो मागाल्हाइस ह्या विद्यार्थ्यानं १४ जुलै २००५ रोजी पोस्टक्रॉसिंग नावाचा उपक्रम सुरू केला. नाव नोंदवून पत्ता मागितला की जगातल्या कुणातरी सभासदाचा पत्ता मिळतो आणि एक क्रमांक मिळतो. माझ्या क्रमांकाच्या आधी भारताची ‘आयएन’ ही अक्षरं असतात. तो क्रमांक कार्डावर लिहायचा, तिकीट लावायचं, पेटीत टाकायचं. कार्ड पोचलं की घेणारा तो क्रमांक नोंदवतो आणि मग माझा पत्ता तिसऱ्याच कुणाकडे जातो. म्हणजे ज्याला पाठवलं त्याच्याकडून उत्तरादाखल कार्ड येत नाही, ते भलत्याच देशातून येतं. दिलेलं एकाला, मिळालेलं दुसऱ्याकडून. नव्या माणसाला एका वेळी पाचच कार्डं वाटेवर ठेवता येतात, पोचत गेली की आकडा वाढतो. ह्या रीतीनं पोचलेल्या कार्डांनी पाच कोटींचा टप्पा २०१९ मध्येच ओलांडला.

बाकी मग माणसामाणसावर असतं. कुणी हवामान लिहितं, कुणी आजचा स्वयंपाक. जर्मनीतल्या एका आजोबांनी कार्डभर आपल्या बागेतल्या पक्ष्यांची नावं लिहिली होती. कार्डाची जागा तळहाताएवढी, त्यामुळे मोठेपणा मिरवायला वाव नसतो. मला ते फार आवडतं.

आता माझ्या खणात काय आहे ते सांगते. दुकानाच्या गल्ल्याखाली एक खण आहे, त्यात मी न पाठवलेली कार्डं ठेवते. सूर्यास्त, सूर्यास्त, नारळाचं झाड, होडी, पुन्हा सूर्यास्त. ओल्ड गोव्याची चर्चं, तीही दर वेळी त्याच कोनातून. बरीचशी जुन्या साठ्यातली, कडा पिवळ्या पडलेल्या, पावसाळ्यात एकमेकांना चिकटलेली. नवीन छापणं जवळजवळ थांबलंय. दुकानदार सांगतात, लोक फ्रीजवर लावायची चुंबकं नेतात, कार्डं कोण घेतं? मी स्वतः दुकानदार आहे, मला त्यांचं म्हणणं कळतं. पण खपत नाही म्हणून चांगलं काढायचं नाही, आणि चांगलं निघत नाही म्हणून खपत नाही, हे चक्र कुठंतरी तोडायला हवं.

एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या चित्रांची कार्डं गोव्यात मिळतात. लोटलीच्या त्या माणसानं गोव्याचा बाजार, बस, लग्नं, खानावळी, माणसांची नाकं नि पोटं अशा मायेनं काढली की परदेशातलं माणूस कार्ड बघता बघता त्यातली माणसं मोजायला लागतं. माझी सगळ्यात जास्त कौतुकाची उत्तरं ह्याच कार्डांना आली आहेत. पण २०११ मध्ये मारियो गेले. त्यांनी काढलेला गोवा त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेला होता. आजच्या गोव्याकडं, आणि आमच्या अंत्रुजाकडं म्हणजे फोंड्याकडं, सत्तरीकडं, काणकोणकडं तुमच्या डोळ्यांनी बघून कुणी कार्ड काढायचं?

दुसरीकडची माणसं हे कसं करतात ते माझ्याकडे आलेल्या कार्डांवरून मला दिसतं. जपानच्या टपाल खात्यानं २००९ पासून एक मालिका काढली आहे, गोतोची कार्डं म्हणून. प्रत्येक प्रांताची वेगळी, आणि चौकोनी नव्हे तर त्या प्रांतातल्या खाण्याच्या, इमारतीच्या किंवा खेळण्याच्या आकारात कापलेली. ती त्या त्या प्रांतातल्या पोस्टातच मिळतात. म्हणजे कार्ड हवं तर तिथं जायचं, नाहीतर तिथल्या माणसाशी ओळख काढायची. ४७ प्रांत, प्रत्येकाला आपली म्हणून दाखवायची गोष्ट सापडली. आपल्याकडे १२ तालुके आहेत.

तैवानचं उदाहरण तर मी गिऱ्हाइकांनाही सांगते. तिथं रस्त्यावर टपालाच्या दोन पेट्या शेजारी शेजारी उभ्या असतात, साध्या टपालासाठी हिरवी आणि जलद टपालासाठी लाल. २०१५ च्या ऑगस्टमध्ये सौदेलोर नावाचं वादळ आलं तेव्हा तैपेईमधल्या एका रस्त्यावर अशा दोन पेट्यांवर वरून पाटी कोसळली आणि दोन्ही एकाच बाजूला कलल्या. मान तिरकी करून कुणाकडे तरी बघत असल्यासारख्या. लोक त्यांच्याबरोबर फोटो काढायला रांगा लावू लागले, आणि टपाल खात्यानं त्या सरळ न करता तशाच राहू दिल्या. एका मुलीनं स्वतः काढलेला त्यांचा फोटो कार्डावर छापून मला पाठवला. वाकलेल्या दोन पेट्या! त्यात ना राजवाडा ना धबधबा. पण ते कार्ड हातात घेतल्यावर मला तिचं शहर जवळचं वाटलं.

आपल्या परंपरेतही हे आहे. कोल्हापुरात जन्मलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची चित्रं काढली आणि ती पोस्टकार्डांवर छापली गेली. मोलकरणी, फेरीवाले, नाना जातीजमातींचे लोक. जे. जे. मध्ये पुढं मोठ्या पदावर गेलेल्या चित्रकाराला हे काम कमीपणाचं वाटलं नाही. आज त्या काळची मुंबई कशी चालत-बोलत होती हे बघायचं तर ती कार्डं काढून बसावं लागतं. आणि मासिकांच्या नि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी मराठी घराघरांत पोचलेले दीनानाथ दलाल तर गोव्यातच जन्मलेले. चांगलं चित्र स्वस्तात, हातोहात, सामान्य घरात जाऊ शकतं हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांच्याच मातीतल्या तुम्हा लोकांकडे मी मागणं मागते आहे, परक्याकडे नाही.

काय काढा हे सांगायचा मला अधिकार नाही, पण गिऱ्हाईक म्हणून मागणी सांगते.

सगळ्यात आधी माटोळी. चवथीच्या दोन-तीन दिवस आधी बाजारात डोंगरभागातल्या बायका रानातलं सामान घेऊन बसतात. लालभडक कवंडळं, आंबाड्यांचे घोस, घागऱ्या, कांगणी, सुपारीची शिपटी, नारळाची पेंड. हे सगळं गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला टांगायचं. जगात देवाला फुलं वाहणारे पुष्कळ आहेत, पण पावसाळ्यातलं अख्खं रान घरात आणून देवाच्या माथ्यावर लटकवणारे किती असतील? काही घरांत तर फळांनीच मोर काढतात, देऊळ काढतात, माटोळीच्या स्पर्धा होतात. मी एकदा नेदरलँड्समधल्या एका वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाला फोनवर काढलेला माटोळीचा फोटो फोटोस्टुडिओत धुऊन कार्ड म्हणून पाठवला. त्यानं एकेका फळाला बाणानं क्रमांक घालून त्याची प्रत मला परत पाठवली आणि प्रत्येकाचं नाव विचारलं. १९ क्रमांक होते. १४ नावं मला आली. उरलेल्या पाचांसाठी मी शेजारच्या म्हाताऱ्या काकींकडे गेले. त्यांनी सगळी सांगितली, वर कुठलं फळ औषधी नि कुठलं तोंडात घालायचं नाही हेही सांगितलं. काकी गेल्या वर्षी वारल्या. ती पाच नावं माझ्याकडे लिहून राहिली ती एका डच माणसानं विचारली म्हणून. तो फोटो फोनवरचा होता, अंधुक होता, फळांचे रंग मेले होते. तुमच्यापैकी एखाद्यानं नीट उजेडात काढलेली माटोळी कार्डावर आली तर तिच्या मागं ती नावं छापायला मी आनंदानं देईन.

म्हार्दोळच्या जाया, म्हणजे जाईची फुलं, घ्या. श्रावण-भाद्रपदात म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा बांधतात तेव्हा लांबूनच वास येतो. वास कार्डावर येणार नाही हे खरं, पण फुलांच्या राशी नि फात्या, म्हणजे गजरे, ओवणारे हात तर येतील. पहाटे सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर, मागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक, रबरी भोंगा. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीतला, बांध आणि त्यातलं मानस, भरतीचं खारं पाणी अडवणारी आणि ओहोटीला पाणी सोडणारी ती लाकडी दारं. हॉलंडची माणसं समुद्राला अडवण्यात वाकबगार, त्यांना मानस दाखवलं तर ती एका नजरेत ओळखतील. माशेलचा चिखलकाला, तो चिखलात खेळायचा उत्सव. शिगम्यातली घोडेमोडणी, कमरेला लाकडी घोडे बांधून करायचा नाच. रिवणजवळ कुशावतीच्या काठी जांभ्या दगडात कोरलेले बैल, हरणं आणि ती चक्रव्यूहासारखी गोल आकृती. आमच्या देवळांच्या दीपमाळा, ज्यांच्यासारख्या घाटावर सापडत नाहीत.

चर्चं नकोत असं माझं म्हणणं अजिबात नाही. तीही आमचीच आहेत. पण तिथंही ओल्ड गोव्याच्या पलीकडं पाऊल पडू द्या. २४ जूनला सांजावाच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या, दिवशी डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून विहिरीत उडी घेणारी पोरं कुठल्या कार्डावर आहेत? दिवाडी बेटावरचा बोंदेरां, तो झेंड्यांचा उत्सव, कुठं आहे?

लिस्बनजवळच्या एका निवृत्त बाईंचं कार्ड मला तीन वर्षांपूर्वी आलं. गोव्याचा पत्ता मिळाल्याचं पाहून त्यांनी मुद्दाम लिहिलं होतं की त्यांचे काका सैनिक म्हणून गोव्यात होते आणि इथून घरी कार्डं पाठवायचे. ती कार्डं बाईंनी जपून ठेवली आहेत. सगळ्यांवर चर्च. ‘काका मजकुरात मात्र पावसाबद्दल आणि एका देवळाच्या तळीबद्दल लिहायचे. ती तळी मला कधी बघायला मिळाली नाही.’ त्या कार्डांवर पोर्तुगीज इंडियाची तिकिटं आहेत. मुक्तीनंतर दहा दिवसांनी, २९ डिसेंबर १९६१ पासून, इथं भारतीय तिकिटं चालू झाली. तिकीट बदललं, कार्डावरचं चित्र तेच राहिलं. आज एखादा पर्यटक इथून कार्ड पाठवतो ते बाईंच्या काकांच्या कार्डांपेक्षा फारसं वेगळं नसतं, रंग तेवढे भडक झालेत. देवळाच्या तळीचं कार्ड मी खूप शोधलं. शेवटी साध्या पांढऱ्या जाड कागदावर पेनानं तळीच्या पायऱ्या काढून पाठवल्या. मला चित्र येत नाही. पण बाई काही कमी खूश झाल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. चेक देशातल्या एका व्हायोलिन शिकवणाऱ्या मुलीनं लिहिलं होतं, ‘तुमच्या गावच्या संगीताचं काही असेल तर पाठव.’ मी फोंडा तालुक्यात राहते! मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर इथले. केरीच्या केसरबाई केरकर इथल्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानं सूर्यमालेच्या बाहेरच्या प्रवासाला निघाली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, कुणीतरी कधीतरी ऐकेल म्हणून. त्या तबकडीवर हिंदुस्थानी संगीतातलं जे एकच गाणं आहे ती केसरबाईंची भैरवी. पत्ता माहीत नसलेल्या अनोळखी माणसाला पाठवलेलं ह्याहून लांबचं पत्र कुठलं असणार? आणि माझ्याकडे केरीचं साधं कार्ड नव्हतं. गावाची वेस नाही, देऊळ नाही, तंबोऱ्याचं रेखाटन नाही. मी सूर्यास्ताच्या कार्डामागं बारीक अक्षरात ही सगळी हकीकत लिहिली. तिनं ती भैरवी शोधून ऐकली आणि दोन ओळींचं उत्तर पाठवलं की दुसऱ्या दिवशी तिनं ती आपल्या विद्यार्थ्यांना ऐकवली. पुढची बाजू बघून तिला काय वाटलं असेल?

आता छापखानेवाल्यांशी थोडं कामाचं बोलते, कारण चांगली चित्रं वाईट कार्डांत वाया गेलेली मी पाहिली आहेत.

पाठीमागच्या बाजूला चकाकी चढवू नका. दोन्हीकडून लॅमिनेशन केलं की कार्ड हातात छान लागतं, पण त्यावर बॉलपेन घसरतं, जेलची शाई दिवसभर वाळत नाही आणि पोस्टाचा शिक्का पुसून जातो. तिकिटाचा गोंदही धरत नाही, मला वरून गोंदाची कांडी फिरवावी लागते. पुढं काय करायचं ते करा, मागं कागद कोरा, खरखरीत ठेवा. जाडी ३०० जीएसएमच्या आसपास असू दे, त्याहून पातळ कार्ड आमच्या पावसात पापडासारखं वळतं. माप ४ बाय ६ इंच किंवा ए-६. फार लहान नको, आंतरराष्ट्रीय टपालात ९० बाय १४० मिलिमीटरच्या खाली जाता येत नाही. मागच्या बाजूला तळाशी दीडेक सेंटीमीटर पट्टी मोकळी सोडा, तिथं तुमच्या छापखान्याचं नाव नि फोन नंबर दाटीवाटीनं बसवू नका. परदेशातली छाननीची यंत्रं त्या पट्टीत रेघारेघांची खूण छापतात आणि मजकूर तिथवर गेला असेल तर तो खाली गडप होतो. पत्त्याची जागा उजवीकडे, लिहायची डावीकडे, मधली रेघ पुरे. अमुक ओळीत शहर, तमुक ओळीत देश असे रकाने नकोत, प्रत्येक देशाची पत्ता लिहायची पद्धत वेगळी असते.

हजार प्रती छापल्याशिवाय परवडत नाही असं मला एकानं सांगितलं. ऑफसेटला ते खरं असेल. पण डिजिटल छपाईत १३ बाय १९ इंची एका कागदावर ४ बाय ६ ची नऊ कार्डं बसतात. अकरा-बारा कागदांत शंभर कार्डं झाली. शंभरानं सुरुवात करायला कुणाला कर्ज काढावं लागणार नाही. आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयातल्या मुलामुलींनी वर्गातल्या कामातलं एकेक चित्र दिलं तरी एक संच होईल.

चित्राखाली, किंवा मागं एका कोपऱ्यात, ते काय आहे आणि कुठलं आहे एवढं नक्की लिहा. ‘गोवा’ एवढंच नको. ‘खांडेपार नदी, फोंडा तालुका’ असं लिहा. इंग्रजीत लिहा, पण देवनागरीतही लिहा. कोकणीत लिहा, मराठीत लिहा, भांडण नको, अक्षरं दोघींची तीच आहेत. परदेशातले लोक ह्या अक्षरांसाठी वेडे असतात. मी प्रत्येक कार्डावर घेणाऱ्याचं नाव देवनागरीत लिहिते. पोलंडमधल्या एका आईनं कळवलं की तिच्या सात वर्षांच्या मुलानं आपलं नाव त्यावरून गिरवून शाळेच्या दप्तरावर लिहिलं, शिरोरेघ सगळ्यात शेवटी, अगदी पट्टी लावून.

छायाचित्रकारांना एक विनंती जरा जपून करते. बाजारात बसलेल्या बाईचा, शेतात वाकलेल्या माणसाचा, देवाच्या पुढं डोळे मिटून उभ्या असलेल्या धोंडाचा, म्हणजे व्रत धरलेल्या भक्ताचा, फोटो कार्डावर घालायचा असेल तर आधी त्याला विचारा, आणि छापल्यावर त्याला दोन कार्डं नेऊन द्या. पाठमोरं माणूस चालेल, हात चालतील. कुणाच्या गरिबीची शोभा करू नका. आणि संगणकाकडून चित्र करवून घेऊ नका. अशी एक नक्कल माझ्या पाहण्यात आली, वर मंगेशीचं नाव होतं आणि देवळासमोर दीपमाळच नव्हती. परदेशातला माणूस ते खरं मानतो. त्याच्याकडे पडताळून पाहायचा दुसरा मार्ग नसतो, आपण पाठवलेलं कार्ड हाच त्याचा पुरावा.

पैशांचं बोलायचं राहिलं. मी धंद्यातली आहे, नुसती मागणी करून बाजूला होणार नाही. कुणीही वर सांगितल्यासारखं कार्ड काढलं, मग ते चित्र असो वा फोटो, तर त्याची पहिली दोनशे कार्डं माझं दुकान रोखीनं घेईल. उधारीवर नाही, विकली गेली तर पैसे देऊ असंही नाही. चित्रकाराचं नाव मागं छापलेलं असावं ही माझी अट आहे. मी पुढच्या काचेच्या कपाटातला वरचा खण त्यासाठी रिकामा करून ठेवलाय, तिथं आता नुसती सेलोटेपची गुंडाळी पडून असते. फोंड्यात देवदर्शनाला महाराष्ट्रातून, कर्नाटकातून इतकी माणसं येतात, त्यांनाही प्रसादाबरोबर घरी न्यायला काहीतरी हवं असतं. शाळांना मी स्वतः जाऊन विचारेन. १ ऑक्टोबर हा जागतिक पोस्टकार्ड दिन, १८६९ मध्ये त्या तारखेला ऑस्ट्रिया-हंगेरीत जगातलं पहिलं पोस्टकार्ड निघालं म्हणून तो पाळतात. त्या दिवशी मुलांना आपल्या गावचं कार्ड हातात देऊन कुणालातरी लिहायला सांगता आलं तर मला फार बरं वाटेल. आता सांगितलं तर मुलं सूर्यास्तच पाठवतील.

घाई का करते तेही सांगते. पत्ता मिळाल्यापासून साठ दिवसांच्या आत कार्ड पोचलं तर ठीक, नंतर ते मुदतीबाहेर गेलेलं धरतात. सध्या माझ्यासमोर तीन पत्ते आहेत. एक अमेरिकेतला, त्याला रेल्वे आवडते, त्याच्यासाठी दुसरीकडचं एक कार्ड आहे. एक जर्मनीतला, तिला मारियोंचं पाठवते. तिसरा पुन्हा फिनलंडचा, एक तरुण मुलगा, नदीवर होडी चालवतो. त्यानं लिहिलंय, ‘तुझ्या घराजवळच्या नदीचं चित्र पाठव.’ नदी आहे. दुर्भाटला जुवारी आहे, इकडे खांडेपारची नदी आहे, सकाळी तिच्यावर धुकं असतं आणि पलीकडचा काठ आठ वाजेपर्यंत दिसत नाही. हा पत्ता काढून आज अकरा दिवस झाले.

आपली,
फोंड्यातली एक स्टेशनरीवाली